आपली पलटण



या व्याख्यानमालेत माझी नेहमीची जागा मागच्या रांगेत, दाराजवळ असते. पाळी सुटायची वेळ झाली की तिथून कोणाचे पाय न तुडवता उठता येते. यंदा चालकांनी मला त्या जागेवरून उचलून या बाजूला उभे केले. त्यांची अपेक्षा अशी होती की मी नव्या श्रमसंहितांवर बोलेन. मी त्यांना म्हणालो, त्या विषयावर मी वर्षभर कारखान्यांच्या फाटकाशी बोलतच असतो. एक संध्याकाळ मला माझ्या वेडाविषयी बोलू द्या. त्यांनी उदार मनाने संमती दिली. तेव्हा आज जे काही कमीजास्त होईल, त्याचा निम्मा दोष त्यांचा.

माझे वेड असे की मी एका कबड्डी संघाचा चाहता आहे. पुणेरी पलटण या संघाचा. आवड म्हणून अधूनमधून सामना पाहणारे पुष्कळ असतात. मी त्यांतला नाही. गेल्या बारा हंगामांत या संघाच्या प्रत्येक सामन्याचा निकाल मी युनियनच्या एका जुन्या, कोऱ्या राहिलेल्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहून ठेवला आहे. संघ हरला की त्या रात्री मला जेवण जात नाही. आमच्या घरात असा समज आहे की मी खुर्चीवर बसलो की पलटणीचा चढाईपटू पकडला जातो, आणि उंबऱ्यावर उभा राहिलो की सुटून येतो. त्यामुळे महत्त्वाच्या सामन्यात मंडळी मला घरात बसू देत नाहीत. पन्नाशी उलटलेला, नातवंडे असलेला मनुष्य चाळीस मिनिटे उंबऱ्यावर उभा राहतो, याहून वेड ते काय असावयाचे?

पण आपले वेड सांगून हशा मिळवावा एवढ्यासाठी मी इथे आलो नाही. या वेडाने मला एकदा माझ्याच शब्दांत पकडले. जी गोष्ट मी वर्षानुवर्षे दुसऱ्यांना शिकवत होतो, ती मला स्वतःला नीट उमगली नव्हती, हे मला एका सामन्यात कळले. ती हकीगत सांगावयाची आहे.

प्रथम आमच्या चळवळीतल्या मित्रांच्या आक्षेपाला उत्तर देतो. ते म्हणतात, कामगाराला जागे करणे हे तुझे काम; आणि तूच असल्या तमाशात रात्री घालवतोस! मालकांनी पैसा ओतून उभी केलेली ही करमणूक, ती कामगाराला त्याचे दुःख विसरायला लावते. आक्षेप खोटा नाही. परंतु मी त्यांना नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण देतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती १८९० साली, लोखंड्यांच्या कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर. त्या सुटीसाठी झगडताना, सुटी मिळाल्यावर कामगाराने फक्त सभेलाच गेले पाहिजे, अशी अट आपल्या पूर्वजांनी घातली नव्हती. बारा बारा तास भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला मोठ्याने ओरडण्याचा, टाळ्या पिटण्याचा, कोणाला तरी आपले म्हणण्याचा हक्क आहे. तो आनंद त्याला नेमका कोणत्या किमतीला मिळतो, हा निराळा प्रश्न. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी हा नवा प्रकार पाहिला नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. आपण ज्याला हुतूतू म्हणत होतो, आणि ज्याला नियमांत बसवण्यासाठी बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यापासून ते बुवा साळव्यांपर्यंत अनेकांनी आयुष्ये वेचली, तोच हा खेळ. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी तो जगाला दाखवला. १९९० पासून तो आशियाई खेळांत आहे. पण पैशाचा, रोजगाराचा आणि शहराशहरांच्या संघांचा प्रो कबड्डी हा प्रकार सुरू झाला २६ जुलै २०१४ रोजी, मुंबईत. तेव्हा आठ संघ होते, २०१७ पासून बारा आहेत. माती गेली, मॅट आली. चढाईला तीस सेकंद. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे रेंगाळायची सोयच नाही. आमच्या गल्लीत दिवेलागणीपर्यंत एकाच डावात रेंगाळणाऱ्या आम्हा पोरांना हा नियम मुळीच मानवला नसता.

आपल्या जालन्याचा संघ त्यात नाही, मराठवाड्याचाच नाही. मग आपले म्हणायचे कोणाला? मुंबईचा यू मुंबा हा संघ पहिल्यापासून बलाढ्य होता. पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत गेला आणि २०१५ साली विजेता झाला. आमच्या युनियनच्या कचेरीतली बहुतेक मंडळी मुंबईच्या बाजूची. मी पुणे धरले. कारण विचाराल तर मोठे तात्त्विक नाही. नवीन जालन्यातली कोणतीही गल्ली घ्या, निदान एका घरातला मुलगा रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलेला असतो. कोणी चाकणला कारखान्यात, कोणी पिंपरीला, कोणी नुसताच परीक्षांच्या अभ्यासाला. माझाही गेला होता. पुणे हे आपण ज्या गावाला आपली पोरे देतो ते गाव. तिथल्या संघात आपली काही ठेव आहे असे मला वाटले. दुसरे कारण असे की पुणेरी पलटण पहिल्या वर्षी शेवटची आली आणि दुसऱ्या वर्षीही शेवटचीच आली. कामगार चळवळीत हयात घालवलेल्या माणसाला शेवटच्या क्रमांकाविषयी थोडी माया असते.

आता माझ्या वेडातला मुख्य भाग. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यांत काम करणारे पुष्कळ लोक बिहारचे, उत्तर प्रदेशचे आहेत, हे आपणांस ठाऊक आहे. भंगार वितळवून त्याचे बिलेट, बिलेट तापवून त्याची सळई. लाल झालेली सळई रोलमधून सापासारखी बाहेर येते, आणि चिमट्याने तिचे तोंड धरून ती पुढच्या रोलमध्ये द्यावयाची असते. हे काम करणारी बहुतेक माणसे ठेकेदाराची. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते. आमच्या सभेला ती येत नसत. मराठी बोलणारा, खादीची पिशवी घेतलेला माणूस दिसला की मुकादमाच्या भीतीने खोलीचे दार लोटून घेत. चार वर्षे मी त्या खोल्यांच्या दारावरून परत आलो.

२०१६ च्या सुरुवातीला एका रात्री त्यातल्याच एका दारातून मला ओळखीचा आवाज आला. कबड्डीचे समालोचन. पाटणा पायरेट्सविरुद्ध पुणेरी पलटण, उपांत्य सामना. माझ्या घरी पोचेपर्यंत सामना संपला असता. मी दार ढकलून आत गेलो आणि विचारले, "कितना हुआ?" दहा बाय बाराच्या खोलीत अकरा माणसे एका मोबाइलभोवती बसली होती. त्यांनी सरकून जागा केली. पाटणा जिंकले. त्यांनी माझी मनसोक्त टर उडवली आणि मला चहा पाजला.

त्यानंतर जे घडले ते कोणी रचून सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या हंगामात पलटण पुन्हा उपांत्य फेरीत गेली, पुन्हा समोर पाटणा, पुन्हा हार. २०१७ साली बाद फेरीत पुन्हा पाटण्यानेच आम्हांला घरी पाठवले. पाटणा तिन्ही वेळा विजेते झाले. त्यांचा प्रदीप नरवाल नावाचा चढाईपटू तेव्हा कोणाला आवरतच नव्हता. २०१७ च्या एका हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण मिळवले. आणि तिन्ही वेळा मी त्याच खोलीत, त्याच भिंतीशी बसून हरलो. पण हरून येणाऱ्या माणसाला कोणी भीत नाही. मला त्या खोलीत 'पूना चाचा' हे नाव पडले. युनियनच्या पत्रकाला जे दार उघडले नाही, ते माझ्या संघाच्या पराभवाला उघडले.

२०१८ साली त्या खोलीतल्या एका तरुणाच्या पायावर तापलेली सळई आली. ठेकेदाराने मलमपट्टी करून, हातात थोडे पैसे कोंबून त्याला गावच्या गाडीत बसवण्याची तयारी केली. एकदा गाडीत बसलेला माणूस नुकसानभरपाईच्या दाव्याला परत येत नाही, हे ठेकेदारांना चांगले ठाऊक असते. त्या रात्री अकरा वाजता माझ्या दाराशी तिघेजण आले. युनियनचे सभासद म्हणून नव्हे. 'पूना चाचा'कडे आले. आम्ही त्याला गाडीत बसू दिले नाही. १९२३ च्या कायद्याखाली दावा लावला. दोन वर्षे गेली, पण पैसे मिळाले. मिळायला हवे होते तितके मिळाले नाहीत. तरी ठेकेदार देत होता त्यापेक्षा पुष्कळ अधिक. ज्यांना हे वेड निरुपयोगी वाटते त्यांना माझे उत्तर एवढेच आहे.

असो. आता सुखाचे दिवस सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये पलटण प्रथमच अंतिम सामन्याला पोचली आणि जयपूरकडून हरली. पुढच्या हंगामासाठी लिलावात संघाने मोहम्मदरेझा शादलुई हा इराणी खेळाडू २ कोटी ३५ लाखांना घेतला. हा पकडीतला खेळाडू; चढाईपटूच्या घोट्यावर असा झेपावतो की जणू घोटा त्याच्या नावावर लिहिलेला आहे. कप्तान आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी हैदराबादला उपांत्य सामना झाला आणि समोर, अर्थातच, पाटणा. मी त्या खोलीत गेलो. माणसे बरीच बदलली होती, भिंत तीच होती. पलटणीने ३७-२१ असा सामना घेतला. मी नाचलो नाही. इतक्या वर्षांच्या यजमानांपुढे नाचणे बरे दिसले नसते. रस्त्यावर आल्यावर काय केले ते विचारू नका. १ मार्चला हरियाणाविरुद्ध अंतिम सामना २८-२५ ने जिंकला. पंकज मोहितेने नऊ गुण घेतले. पावतीपुस्तकात मी त्या दिवसाची नोंद लाल शाईने केली. दहाव्या हंगामात पहिले अजिंक्यपद!

आता मूळ हकीगत. त्याच वर्षाच्या शेवटी, २९ डिसेंबर २०२४ रोजी, पुढच्या हंगामाचा अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ठरला होता. गतविजेती पलटण आपल्याच गावी अंतिम सामना खेळेल, या भरवशावर आमचे जाण्याचे बेत सुरू झाले. पलटण बाद फेरीतही पोचली नाही. पोचले पाटणा. मग त्या खोलीतल्या दोघांनी उलट मला सोबत घेतले. "चाचा, अबकी बार हमारे साथ चलो." रात्रीच्या एस.टी.ने आम्ही तिघे पुण्याला गेलो.

समोर पुन्हा हरियाणा. आणि हरियाणाच्या पोशाखात शादलुई. सुमारे दहा महिन्यांपूर्वी आमच्यासाठी चषक उचललेला माणूस, आमच्याच मैदानावर, दुसऱ्यांसाठी झेपावत होता. मला ते सहन झाले नाही. त्याने पहिली पकड केली आणि माझ्या तोंडून मोठ्याने शब्द गेला, "गद्दार!" मी एकदा ओरडून थांबलो नाही. माझ्या आजूबाजूचे पुणेकर हसले, एकदोघांनी सूर धरला. शेजारी बसलेला माझा बिहारी सोबती मात्र माझ्याकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने तो शांतपणे म्हणाला, "चाचा, छोडा किसने?"

सोडले कोणी? एवढाच प्रश्न. मी गप्प झालो. पलटणीनेच त्याला ठेवले नव्हते. नव्या हंगामाच्या लिलावात तो उभा राहिला आणि हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतला. म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा कमी दामाला. अजिंक्यपद मिळवून दिल्यावर! तो कोठे पळून गेला नव्हता. मग माझा सोबती पुढे म्हणाला, आणि हे त्याने काही मला टोचायचे म्हणून म्हटले नाही : गेल्या वर्षी माझा ठेकेदार बदलला, मी एका मिलमधून दुसऱ्या मिलमध्ये गेलो, तेव्हा तुम्ही मला गद्दार म्हटले नाही.

बंधुभगिनींनो, त्यानंतरचा सामना मी डोळ्यांनी पाहिला, पण माझ्या मनात तो नव्हता. हरियाणा ३२-२३ ने जिंकले. शादलुई त्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. परतीच्या गाडीत दोघे पाटण्याच्या दुःखात झोपी गेले आणि मी जागा राहिलो. ज्या माणसाने आयुष्यभर फाटकाशी उभे राहून सांगितले की कामगार हा मालकाची वस्तू नाही, त्याला आपल्या श्रमाचे मोल ठरवण्याचा आणि बरे मिळेल तिथे जाण्याचा हक्क आहे, त्या माणसाने एका खेळाडूच्या बाबतीत अगदी मालकाची भाषा वापरली होती. मालकाची तरी परवडली. मालक 'गद्दार' म्हणत नाही, तो नुसती सही करून सोडून देतो. चाहत्याला मालकाचा रुबाब हवा असतो आणि त्याच्या खिशात मात्र तिकिटाची अर्धी चिठ्ठी असते.

तेव्हापासून मी खेळाडूकडे कामगार म्हणून पाहू लागलो. जुन्या काळी आपल्याकडे चांगल्या कबड्डीपटूला काय मिळे? नोकरी मिळे. रेल्वे, पोलीस, बँका, मोठे कारखाने आपापले संघ बाळगीत. पगार बेताचा, कीर्ती गल्लीपुरती. पण गुडघा गेला तरी हजेरीपटावरचे नाव जात नसे आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन असे. आज नाव देशभर होते आणि पैसाही मोठा मिळतो, हे मी नाकारीत नाही. ज्या खेळात पूर्वी बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळे, त्यात खेड्यातला पोरगा कोटीच्या घरात जातो, हे पाहून मला आनंदच होतो. पण हा पैसा हंगामाचा आहे. संघ ठेवील तोवर ठेवील. मग पुन्हा लिलाव. लिलाव हा शब्द तरी ऐका! आपल्या मोंढ्यात शेतमालाचा होतो, तोच. शिवाय एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करावा यालाही मर्यादा. २०२३ साली ती ५ कोटींची होती. मालकांनी आपापसांत मजुरीची कमाल मर्यादा ठरवून घेणे, याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते मी इथे सांगत बसत नाही.

तो प्रदीप नरवाल, ज्याने मला तीनदा रडवले, त्याचे काय झाले? या स्पर्धेत चढाईचे अठराशेहून अधिक गुण मिळवणारा तो माणूस. २०२१ साली तो पाटण्याहून उत्तर प्रदेशच्या संघात गेला, १ कोटी ६५ लाखांना. तेव्हा एका खेळाडूसाठी तितकी बोली कधी लागली नव्हती. आणि २०२५ च्या लिलावात त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा एकाही संघाने बोली लावली नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली. ती बातमी घेऊन मी त्या खोलीवर गेलो. तिथे कोणी काही बोलले नाही. आपल्या हातातला चिमटा एक दिवस दुसऱ्याच्या हातात जाणार, हे त्या माणसांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

हा प्रश्न काही आपल्याकडचाच नाही. अमेरिका-कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे असेच धंदेवाईक संघ आहेत आणि तिकडचे लोक त्यांच्यापायी आपल्यापेक्षाही वेडे होतात. डेट्रॉइट या मोटारकामगारांच्या शहरात टेड लिंडसे नावाचा मोठा खेळाडू होऊन गेला. १९५० ते १९५५ या काळात त्याच्या संघाने चार वेळा अजिंक्यपद मिळवले. १९५७ साली त्याने इतर संघांतल्या खेळाडूंना एकत्र करून खेळाडूंची संघटना स्थापन केली. मागण्या काय? निवृत्तिवेतनाचा हिशेब दाखवा, वगैरे. त्याच वर्षी मालकाने त्याला उचलून शिकागोच्या संघात पाठवून दिले. पुढाऱ्याची बदली! आपल्यापैकी कित्येकांनी हा अनुभव घेतलेला आहे. ती संघटना मोडली. पण दहा वर्षांनी, १९६७ साली, खेळाडूंनी पुन्हा संघटना केली आणि ती टिकली. २००४-०५ साली मालकांनी खर्चाच्या मर्यादेवरून टाळेबंदी केली, तेव्हा तिथला सबंध हंगाम रद्द झाला. त्या वर्षी तिथल्या चाहत्यांपुढे प्रश्न उभा राहिला असेल : आपण कोणाचे? मालकाचे, खेळाडूचे की नुसत्या पोशाखाचे?

माझे उत्तर मला परतीच्या त्या गाडीत मिळू लागले, आणि ते मी आपल्यापुढे ठेवतो. संघ म्हणजे मालक नव्हे. उद्या तो आपला हिस्सा विकून मोकळा होईल. संघ म्हणजे अमुक खेळाडूही नव्हे. तो पोटासाठी आला आहे आणि पोटासाठी जाईल, आणि त्यात त्याला कमीपणा नाही. मग दर वर्षी सगळे बदलून उरते ते काय? उरतात ती उंबऱ्यावर उभी असलेली माणसे. पलटण दोन वर्षे शेवटची आली, तिसऱ्या वर्षी जी माणसे पुन्हा पाहायला बसली, ती पलटण.

हे मला कबड्डीने नव्याने सांगितले, पण त्याची ओळख मला जुनी होती. फार वर्षांपूर्वी आम्ही एक संप हरलो. कोणता, ते सांगत नाही. मंडपात त्यातले काही जण बसले असतील. एकेचाळीस दिवस टिकून आम्ही बिनशर्त कामावर गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी युनियनच्या कचेरीचे कुलूप काढले, ते कोणी येईल म्हणून नव्हे, सवय म्हणून. आठ वाजेपर्यंत कोणी आले नाही. मग एक म्हातारा भट्टीवाला आला, बाकावर बसला, आणि त्याने महिन्याची वर्गणी काढून टेबलावर ठेवली. तो काही बोलला नाही. मीही त्याला पावती फाडून दिली आणि काही बोललो नाही. युनियन त्या दिवशी संपली नाही, ती त्या वर्गणीमुळे. जिंकलेल्या संपाच्या मिरवणुकीत सगळे गाव असते. हरल्यानंतरच्या संध्याकाळी जो कुलूप काढतो आणि जो बाकावर येऊन बसतो, त्या दोघांची मिळून संघटना होते.

मात्र या दोन निष्ठांत एक मोठा भेद आहे, आणि तो झाकून ठेवणे बरे नाही. त्या म्हाताऱ्याला वर्गणीबरोबर मत होते. मी चुकलो तर तो मला पुढच्या सभेत खाली बसवू शकत होता. पलटणीच्या चाहत्याला मत नाही. शादलुईला ठेवावे की सोडावे, हे त्याला कोणी विचारत नाही. अमेरिकेत ग्रीन बे नावाच्या एका लहानशा गावाचा फुटबॉल संघ १९२३ पासून गावकऱ्यांच्या भागभांडवलावर चालतो. त्याला एक असा मालक नाही, आणि तो गावातून कोणी उचलून नेऊ शकत नाही. असे सगळीकडे होईल असे मी म्हणत नाही. पण ज्याला आपण 'आपला' म्हणतो त्यात आपले म्हणणे काय, हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. आणि खेळाडूंनी उद्या एकत्र येऊन गुडघ्याच्या उपचारांचा, लिलावात न उचललेल्या वर्षाचा प्रश्न मांडला, तर गॅलरीतून पहिली टाळी आपली पडली पाहिजे. 'कोट्यवधी घेतात, यांना कशाला संघटना?' असे आपण म्हणू लागलो, तर कारखान्याच्या फाटकाशी आपल्याविषयी जे बोलले जाते तेच आपण गॅलरीत बोललो असे होईल.

हंगामाची बातमी देऊन थांबतो. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत पलटण पुन्हा अंतिम सामना खेळली. शेवटपर्यंत झुंजली आणि दिल्लीकडून ३१-२८ ने हरली. तीन गुणांनी! मी पूर्ण चाळीस मिनिटे उंबऱ्यावर उभा होतो, एकदाही बसलो नाही. त्यामुळे घरच्यांचा तो समज आता थोडा डळमळला आहे. पावतीपुस्तकात निकाल लिहिला, निळ्या शाईने. शादलुई तेव्हा गुजरातच्या संघात होता. त्याच्या पकडींचीही नोंद मी आता ठेवतो, शेवटच्या पानांवर, वेगळी. आपल्या कारखान्यातून दुसरीकडे गेलेल्या जुन्या सभासदाची आपण जशी विचारपूस ठेवतो, तशी.

पायाला भाजलेला तो तरुण आता गावाकडे असतो. थोडा लंगडतो. पलटण हरली त्या रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. त्याचे पाटणा त्या वर्षी अंतिम सामन्यात नव्हते, म्हणून त्याला चेष्टा करायला तोंड नव्हते. तो एवढेच म्हणाला, "चाचा, खाना खा लेना."

मी जेवलो. पलटण हरलेल्या रात्री प्रथमच जेवलो.

 पाळी सुटायची वेळ झाली आहे. ज्यांना जायचे आहे त्यांनी खुशाल उठावे. मागच्या रांगेतून उठणाऱ्याची मला सवय आहे.